खांद्याला झेपेल असा लॅपटॉप

५ फेब्रुवारी, सोमवार

आज जेवताना हिने जाहीर केलं की अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करायला तिने नाव घातलंय. 'घातलंय'. 'घालू का' नव्हे. चोवीस वर्षांपूर्वी लग्नामुळे शिक्षण सुटलं होतं. लग्न माझ्याशीच झालं होतं, पण तो मुद्दा तिने काढला नाही, मीही काढला नाही.

१ मार्चपासून ऑनलाइन तास. लॅपटॉप लागणार. तिच्या अटी दोनच: दुखऱ्या खांद्याला झेपेल असा हलका, आणि मार्चच्या आत. ती नोकरी करते ते पाळणाघर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाता-येता बसमध्ये वाचन करणार म्हणे.

म्हणाली, शनिवारी मी जाऊन बघून येते. मी म्हटलं, अजिबात नाही. दुकानदार तुला हातोहात गंडवतील. एकवीस वर्षं कुरिअरच्या काउंटरवर पार्सलांची वजनं करतोय. हलकं म्हणजे काय हे या घरात फक्त मला कळतं.

संकल्प: येत्या रविवारी लॅपटॉप घरात.

७ फेब्रुवारी

मेहुण्याला फोन केला. तिथेच चुकलं.

हिचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे म्हणून आम्ही त्याला हुशार म्हणायचं. म्हणतो, "भाऊजी, इंटरनेट आणि अभ्यास एवढंच ना? मग आठ जीबी रॅम, एसएसडी आणि सव्वा किलोच्या आसपास वजन. एवढं बघा आणि बजेटमधला कुठलाही उचला. दहा मिनिटांचं काम आहे."

कुठलाही! सख्ख्या बहिणीच्या शिक्षणाबद्दल ही आस्था. स्वतःला चप्पल घ्यायची तर चार दुकानं पालथी घालतो. याच्याशी आता सहा महिने बोलणार नाही.

रॅम म्हणजे काय ते विचारायचं राहून गेलं.

८ फेब्रुवारी

चिरंजीवांना फोन. दुसऱ्या शहरात नोकरी करतात, तोऱ्यात असतात. "बाबा, मामाला विचारा ना."

फोन ठेवला. मी ठेवला, त्याने नाही. हे नमूद करून ठेवतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेलो. हीपण आली. (मी नको म्हटलं होतं.)

टाय लावलेला विक्रेता. पहिलंच वाक्य, "बोला काका." काका! माझ्या डोक्यावर अजून निम्मे केस काळे आहेत. विचारतो, वापर काय? मी म्हटलं, वापर म्हणजे वापर. मग विचारतो, कोण वापरणार? मी म्हटलं, मिसेस. झालं. तेव्हापासून तो माणूस माझ्याकडे पाठ करून हिच्याशीच बोलत होता. आणि ही चक्क उत्तरं देत होती! पीडीएफ वाचायच्यात, व्हिडिओवर तास असतील, टायपिंग थोडंच. त्याने तीन मॉडेल दाखवली. हिने एक उचललं, काखोटीला मारलं, चार पावलं चालली, म्हणाली, "हे छान आहे की."

पहिल्या दुकानात, पहिल्या दिवशी, वीस मिनिटांत छान! अशा गिऱ्हाइकांवरच तर यांचे टाय चालतात. मी म्हटलं, अभ्यास करून सांगतो. टायवाला गालात हसला. मी पाहिलं.

परतताना ही गप्प होती. माझा मुद्दा पटला असावा.

१३ फेब्रुवारी

तक्ता तयार. तेवीस मॉडेल, एकोणीस रकाने. पाच रंगांची पेनं. काउंटरवर गर्दी नसताना हळूहळू भरतोय. गर्दी असतानाही. एक बाई पार्सल घेऊन ताटकळली आणि तिने साहेबांकडे तक्रार केली. लोकांना जरा दम म्हणून नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज धमाका उडवून दिला.

ऑफिसातला हुकाचा काटा पिशवीत घालून गेलो. खोक्यावर काय वाट्टेल ते छापतात, वजन खरं बोलतं. त्यांच्याच टेबलावरचा 'एक किलो दोनशे' लॅपटॉप काट्याला टांगला. एक किलो पाचशे दहा! तीनशे दहा ग्रॅमची लूट! मी ओरडलो. भर दुकानात. लोक गोळा झाले. एका आजोबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मॅनेजर धावत आला. म्हणतो, साहेब, चोरी होऊ नये म्हणून लावलेली साखळी आणि कुलूपपण तुम्ही टांगलंय.

मी म्हटलं, मग साखळीचं वजन सांगा. सांगता येईना! तोंडं बघत राहिले. वॉचमन मला दारापर्यंत सोडायला आला. सौजन्य एवढंच की पिशवी त्याने धरली.

१९ फेब्रुवारी

साहेबांनी मेमो दिला. परवानगीशिवाय ऑफिसचा काटा बाहेर नेला म्हणून. एकवीस वर्षांत पहिला मेमो. खुर्चीवर बसून नुसत्या सह्या ठोकणाऱ्याला प्रामाणिक वजनाची काय किंमत असणार? उत्तरादाखल तीन पानी पत्र लिहिलं. फाडलं. नोकरी आहे शेवटी.

हिने विचारलं, मार्च दहा दिवसांवर आलाय, काय ठरलं? मेमोच्या दिवशी! या प्रश्नाला काही वेळ-काळ?

२५ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून रिव्ह्यूचे व्हिडिओ. एक दाढीवाला आहे. सोमवारी म्हणतो, या पैशात याच्यासारखा दुसरा नाही. गुरुवारी तेच वाक्य दुसऱ्या लॅपटॉपबद्दल. खाली कॉमेंट लिहिली: 'आपण शब्द फिरवता. जाहीर माफी मागा.' तिला एकशे चार लाइक. दाढीवाल्याचं उत्तर नाही. घाबरला.

दहा तास चालणारी बॅटरी सहा तासच चालते हा शोध लागला. तक्त्यात विसावा रकाना.

१ मार्च, शुक्रवार

हिचे तास सुरू झाले. मोबाइलवर बघितले. म्हणाली, सरांच्या फळ्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मी म्हटलं, चांगली वस्तू हवी तर थोडा धीर धरावा लागतो. झूम कर.

त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. अलीकडे फार बघत राहते.

संकल्प: रविवारी काहीही झालं तरी.

३ मार्च, रविवार

काहीही झालं नाही. तक्त्यातले पहिल्या चार नंबरांचे लॅपटॉप 'स्टॉक संपला' दाखवतायत. मी पसंत करायची खोटी, लगेच गायब! यामागे कुणीतरी आहे.

९ मार्च, शनिवार

दाढीवाला लाइव्ह येणार होता. तीन तास दबा धरून बसलो. मध्येच ही समोर येऊन उभी राहिली, काहीतरी सांगत होती. माझा पगार... खांदा... आज जाऊन... तुमची हरकत नाही ना. नेमका तेव्हा दाढीवाला पडद्यावर आला. मी म्हटलं, हं, हं, जा.

माझी कॉमेंट त्याने वाचलीच नाही. ब्लॉक केलंय. नामर्द!

ही संध्याकाळी उशिरा आली. चेहरा खुललेला. मैत्रिणीकडे गेली असावी.

१६ मार्च

एक चांगली गोष्ट लिहितो. आठवडा झाला, हिने लॅपटॉपचं नाव काढलेलं नाही. शेवटी विश्वास बसला म्हणायचा. इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाची किंमत कळते.

एकच तक्रार. नवी बॅग घेतलीय, पातळ, पाठीवर लावायची. पाळणाघरात जायला एवढी भारी बॅग कशाला? म्हणाली, आतल्या वस्तूला धक्का लागायला नको. डब्याला कसला धक्का लागतो? पण मी वाद घातला नाही. मोठेपणा घेतला.

२२ मार्च

स्वयंपाकघरातल्या प्लगला काळा चार्जर लटकत होता. बटण चालू, वीज फुकट. उपटून ठेवून दिला. संध्याकाळी ही जाम चिडली, म्हणाली निम्मी असाइनमेंट व्हायची होती. मोबाइल मरेपर्यंत वापरायचा आणि माझ्यावर डाफरायचं! उलटा चोर कोतवालाला.

शेजारणीला सांगत होती, "आठ जीबी रॅम भरपूर होते गं, उगाच जास्त घेऊ नकोस." माझंच ऐकून ऐकून शिकली. श्रेय मात्र देणार नाही.

३१ मार्च, रविवार

ऑनलाइन ऑर्डर केला! पावणेअकराला. अकराला किंमत पाचशेने उतरली. तळपायाची आग मस्तकात. लगेच कॅन्सल. परत ऑर्डर करायला गेलो तर किंमत आठशेने वर. कस्टमर केअरच्या मुलीला चाळीस मिनिटं झापलं. शेवटी म्हणाली, "सर, आणखी काही मदत करू शकते का?" हे 'आणखी' कुठून आलं?

६ एप्रिल

डॉक्टरांकडे गेलो. बीपी वाढलंय. विचारलं, कसलं टेन्शन आहे? सगळं सांगितलं, तक्ता दाखवला. डॉक्टर म्हणाले, कुठलाही घेऊन टाका हो.

डॉक्टर बदलणार.

संकल्प: आजपासून चिडणार नाही. गोळी सकाळी एक. (डबीचं झाकण उघडेना. आपटलं.)

१३ एप्रिल, शनिवार

हिला पाळणाघरात मोठ्या वर्गाचं काम देणार आहेत म्हणे, परीक्षा पास झाली तर. पहिली चाचणी पुढच्या शनिवारी. मला हे आज कळलं, तेही फोनवर चिरंजीवाकडून. घरातल्या कर्त्या माणसाला बातम्या बाहेरगावाहून येतात! मी म्हटलं, मग आता तर लॅपटॉप हवाच. तो म्हणाला, "बाबा, आईकडे..." आणि लाइन कापली गेली. असंच असतं याचं.

२० एप्रिल, शनिवार. दुपारी साडेबारा.

घेतला! घेतला! घेतला!

त्याच दुकानात गेलो. टायवाला मला बघून आतल्या खोलीत पळाला. मॅनेजरलाच पकडलं. काटा या वेळी माझ्या पैशाने घेतलेला. सील फोडायला लावून, साखळीबिखळी काही नाही ना हे बघून वजन केलं. दोन किलो शंभर. खोक्यावरही दोन किलो शंभर. तंतोतंत! अडीच महिन्यांत भेटलेली ही पहिली प्रामाणिक वस्तू. डोळ्यांत पाणी आलं.

सव्वा किलोपेक्षा थोडा जास्त आहे, मान्य. पण स्क्रीन मोठा. शिवाय एकवीस वर्षांचा अनुभव आहे: पहिली फुटतात ती हलकी पार्सलं. खांद्याला मलम आहे.

बस मुद्दाम टाळली. खोकं छातीशी धरून चालत निघालोय. मध्ये बाकावर बसून हे लिहितोय. दंड भरून आलेत, ते आनंदाने.

आज चाचणी ना तिची! ऐन वेळेला पोचतोय.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

शांतपणे लिहितो.

दार ढकलून आत गेलो. ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. समोर राखाडी रंगाचा पातळ लॅपटॉप. कानात इअरफोन. स्क्रीनवर प्रश्न, कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. मी तोंड उघडलं. मान न वळवता तिने हात वर केला आणि म्हणाली, "अकरा मिनिटं थांबा."

थांबलो. खोकं खाली ठेवलं तर आवाज होईल म्हणून हातातच धरून. अकरा मिनिटं. दोन किलो शंभर ग्रॅम, खोक्यासकट तीनच्या वर.

मग तिने बटण दाबलं, पाठ टेकली, डोळे मिटले आणि स्वतःशीच हसली. असं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. मग खोक्याकडे.

म्हणाली, "अहो, मी सांगितलं होतं की. माझ्या पगारातून घेते, आजच जाते. तुम्ही म्हणालात, जा."

सहा आठवडे. रोज याच टेबलावर. मी विचारलं, मग मला थांबवलं का नाहीस? म्हणाली, "तुम्ही कामात होता."

मला प्रचंड ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते ठरेना. तिने उठून माझ्या हातातलं खोकं घेतलं. घेताना डावा खांदा दुखला, तिने उजव्या हातात बदललं.

२१ एप्रिल, रविवार

दुकान परत घेत नाही. सील फोडलेलं चालत नाही म्हणे. सील मीच फोडायला लावलं होतं.

दुपारी हिनेच सगळं सुरू करून दिलं. इंटरनेट, पासवर्ड, सगळं. दहा मिनिटं लागली. मग टेबलाच्या त्या बाजूला स्वतःचा उघडून बसली. काल पंचवीसपैकी एकवीस पडलेत. माझ्याकडे बघून म्हणाली, "हा आता तुमचा. काय शिकायचंय ते शिका."

टोमणा नव्हता. मी नीट बघितलं, टोमणा नव्हता.

स्क्रीन मोठा आहे. उजेड छान आहे. मध्ये एक पांढरी पट्टी, तिच्यात एक रेघ उघडझाप करते. तिथे लिहायचं, जे हवं ते. अर्धा तास बसलो. काही सुचलं नाही.

"चालतोय ना नीट?" तिने विचारलं.

हो म्हटलं.