एक ढाबळ, एकोणीस कबुतरं

१ जानेवारी २००७, सोमवार
नवं वर्ष, नवी डायरी, नवी जबाबदारी. बाबांच्या गुडघ्यांना आता गच्चीचा जिना झेपत नाही, म्हणून कबुतरांची ढाबळ आजपासून माझ्याकडे. सध्या तात्पुरती. २८ तारखेला कसाऱ्याहून पट्ठ्यांची, म्हणजे गेल्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांची रेस आहे. आपला एक तरी पट्ठा पहिल्या तिनांत आला तर ढाबळ कायमची माझी. नाही तर बाबा कबुतरं इथल्याच, निजामपुऱ्यात स्वतःची ढाबळ असलेल्या रहमतुल्लाचाचांना देणार. उडवायला माणूस नसेल तर पाळू नयेत, असं त्यांचं म्हणणं.

जुनी आठ, पट्ठे अकरा, सगळे एकत्र. बाबा म्हणतात, मध्ये जाळी टाक, लहान-मोठे वेगळे कर. मला पटत नाही. आमच्या घरात नऊ माणसं एका छपराखाली राहतात, कोणी कोणाला चोच मारत नाही.
संकल्प: जाळी नाही. संस्कार.

३ जानेवारी
अण्णाने (सर्वांत जुना नर, वय नऊ) तीन पट्ठ्यांना फळीवरून ढकलून दिलं. एकाच्या डोक्याची पिसं गेली. याला भांडण म्हणता येणार नाही. ओळख होते आहे.
संध्या. ५.३०: आणखी दोघांशी ओळख झाली.

५ जानेवारी
कारण सापडलं. सगळी मारामारी दाराशी होते. उडून आले की एकोणीस जणांना एकदम आत शिरायचं असतं आणि दारातून एका वेळी एकच जातो. आता आमच्या घरात काय पद्धत आहे? बाबा आणि त्यांची थोरली बहीण आक्का पानावर बसल्याशिवाय कोणी बसत नाही. मी चार वर्षांची असताना एकदा आधी बसले होते. ते अजून मनाला लागून आहे.
हाच नियम ढाबळीला. आधी जुने, त्यांत सर्वांत शेवटी अण्णा (त्याला कधीच घाई नसते). अण्णा आत गेला की मग पट्ठे.
बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पूर्वे, ती कबुतरां हायत."
मी म्हटलं, म्हणून तर लवकर शिकतील.

६ जानेवारी
काठीला काळं फडकं बांधून दाराशी उभी राहिले. पट्ठा फळीवर उतरू लागला की फडकं हलवायचं. पहिल्याच दिवशी उत्तम. पट्ठे सगळे शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडच्या पत्र्यावर जाऊन बसले आणि दोन तास आले नाहीत. संयम वाढतो आहे.

९ जानेवारी
काठी माझा भाऊ प्रितेशला लागली. त्याची दोनदा माफी मागितली. एका पट्ठ्यालाही फडकं जोरात लागलं, त्याची एकदा मागितली. नंतर वाटलं, त्याचीही दोनदा मागायला हवी होती. परत वर जाऊन आले.
आज लोडशेडिंगमुळे लूम बंद होते. आवाज नसला की कबुतरं बिथरतात. शिस्त बिघडली ती त्यामुळे.

१४ जानेवारी
जमलं. काठी न उचलता. जुने एकेक करून आत गेले, अण्णा शेवटी रमतगमत गेला, आणि तोवर अकराही पट्ठे पाण्याच्या टाकीवर ओळीत बसून होते. एकही हलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बक्षीस म्हणून पट्ठ्यांना चणे जास्त दिले. मग जुन्यांवर अन्याय नको म्हणून त्यांनाही. मग पट्ठ्यांचं बक्षीस बक्षीस राहिलं नाही, म्हणून त्यांना परत थोडे.

१७ जानेवारी
रहमतुल्लाचाचा मुद्दाम बघायला आले. सगळं बघून म्हणाले, "बेटा, ही ढाबळ हाय का मय्यतीची लाईन?" मग विचारलं, टाकीवर उतरल्यापासून आत शिरेपर्यंत किती वेळ लागतो. मी अभिमानाने सांगितलं, अकरा मिनिटं, आणि एकही धक्का नाही. चाचांनी आणखी एक चहा मागितला. बहुतेक घाबरले.

२१ जानेवारी
प्रितेशने एकोणीसच्या एकोणीस करंडीत भरून मोटरसायकलवरून शहापूरला नेऊन सोडले. अर्ध्या तासात सगळे टाकीवर. पट्ठे पुढे, अण्णा मागे. आत जाताना अण्णा पुढे. हे बघायला आक्का वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, प्रितेशपेक्षा बरी हायत.
संकल्प: आता काळजी करायची नाही. काय काय काळजी करायची नाही त्याची यादी केली. दोन पानं झाली.

२७ जानेवारी
पट्ठे रेसच्या कमिटीच्या टेम्पोतून कसाऱ्याला गेले. पायात रबरी रिंग घातली आहे. पट्ठा आत आला की त्याला धरायचं, रिंगवरचा नंबर वाचायचा आणि कमिटीला फोन करायचा. तेव्हाच तो आला असं धरतात. अगदी न्याय्य पद्धत आहे. अण्णा आणि बाकीचे जुने आतच बंद ठेवले, म्हणजे गडबड नको.

२८ जानेवारी, रविवार
सकाळी ७ ला कसाऱ्यात सोडले. ७.५८ ला अकराही पट्ठे टाकीवर. सगळ्या भिवंडीत पहिले. मी दार उघडून उभी.
८.०३: ओळ सुंदर आहे.
८.०६: कोणी येत नाही. चण्याचा डबा वाजवला. त्यांनी बघितलं, हलले नाहीत. इतका संयम मी माणसांत पाहिला नाही.
८.०९: अण्णाची वाट बघत आहेत. अण्णा कालपासून आतच आहे. आत असलेला अण्णा आत जाणार कसा?
८.११: अण्णाला उचलून बाहेर फळीवर ठेवलं, म्हणजे तो आत जाईल. अण्णा उडाला.
८.२०: अण्णा लूमच्या पत्र्यावर ऊन खात आहे. त्याला हात जोडले. प्रितेश खालून ओरडतो आहे, एखाद्याला तरी धर. धरायला गेले की ओळ दोन फूट सरकते, पण मोडत नाही.
८.५२: अण्णा आत. मग अकरा पट्ठे, अजिबात धक्काबुक्की न करता.
फोन केला. कमिटीचे दौलतभाई म्हणाले, चाचांचा पट्ठा ८.०७ ला आला, पहिला तोच. आमचे एकविसावे ते एकतिसावे. सलग अकरा नंबर दुसऱ्या कोणत्याच ढाबळीचे नाहीत. हे बाबांना सांगितलं. त्यांनी चाचांना फोन लावला.

४ फेब्रुवारी, रविवार
चाचा करंड्या घेऊन आले. बाबा एकेका पायरीवर बसत, सरकत गच्चीवर आले. पट्ठे त्यांनीच धरून दिले. मी एकेकाचा स्वभाव सांगू लागले, तिसऱ्यानंतर नुसतं मोजत राहिले. चाचांनी जुने घेतले नाहीत. म्हणाले, हे बुढे दुसऱ्याच दिवशी इथं परत येतील, पट्ठे अजून कोवळे हायत, रुळतील.

बाबा जिन्याच्या तोंडाशी थांबले. "कबूतर घराच्या ओढीनं येतं, पूर्वे. तू त्याला दारात थांबवलंस." मग म्हणाले, जुन्यांना दाणे तूच टाक, आता उडवायचं काही राहिलं न्हाय.

म्हणजे ढाबळ माझ्याकडेच राहिली.

संध्या. ६: लहान-मोठे पूर्णपणे वेगळे झाले आहेत, आणि तेही जाळी न टाकता. दिवसभरात एकही भांडण नाही. अकरा फळ्या रिकाम्या झाल्या. पुसून ठेवल्या, दोनदा.