डोळ्यासाठीची फिल्म

४ फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर आज स्पष्टच बोलले. दादाचा डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्यात मधोमध थोडी नजर उरली आहे, तीही किती टिकेल सांगता येत नाही. "जे बघायचंय ते बघून घ्या," म्हणाले. वहिनीला वाटलं, आता हा नातवंडांचं नाव काढेल. दादा म्हणाला, "सूर्य बघायचाय. डागांसकट."

जन्मभर चष्म्याची भिंगं घासली, स्वतःच्या हातांनी दुर्बीण केली — आणि आता मागणं काय, तर सूर्य! घरी येताना मी टॅक्सीच्या खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

६ फेब्रुवारी

दुर्बिणीच्या पेटीत जुना फिल्टर सापडला. डोळा लावतात त्या टोकाला बसवायची काळी काच. मला वाटलं, चला, काम झालं. दादाने ती चाचपली आणि थेट कचऱ्याच्या डब्यात टाकली! त्या टोकाला सगळं ऊन एकवटतं, काच तडकली की डोळा गेलाच. फिल्टर हवा पुढच्या तोंडावर, ऊन आत शिरायच्या आधी. "एकच उरलाय, तो तरी राहू दे," म्हणाला आणि स्वतःच हसला. मला नाही हसू आलं.

७ फेब्रुवारी

स्टुडिओ लवकर बंद करून दुर्बिणींच्या दुकानात गेले. काचेचा फिल्टर आमच्या मापाचा नाही. मग राहिली फिल्म — चकचकीत, चॉकलेटच्या चांदीसारखी. तिचे दोन प्रकार. एक फक्त फोटोसाठी — लेप पातळ, उजेड जास्त, फोटो धारदार, पण तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही म्हणजे नाही. दुसरी डोळ्यासाठी, चांगली गडद. तिच्यातून फोटो निघतात, पण कॅमेऱ्याला उजेड कमी पडतो. दुकानदाराने विचारलं, बघणार कोण? तुम्ही की कॅमेरा?

मी अर्धं आयुष्य लोकांचे पासपोर्टचे फोटो काढण्यात घालवलेली बाई. मी कॅमेराच म्हणणार! झकास फोटो काढू, टीव्हीवर हवा तेवढा मोठा करू, दादा जवळ बसून बघेल. घरी येऊन सांगितलं, तर हा हटूनच बसला. टीव्हीवरचा सूर्य कोणीही दाखवेल, मला माझ्या दुर्बिणीतून बघायचाय. शब्दाने शब्द वाढला.

"अरे, तुला दिसणारच नाही दादा!"

निघून गेलं तोंडातून. वहिनी पोळी लाटता लाटता थांबली. दादा उठून आत गेला. त्याने रागवायला तरी हवं होतं.

८ फेब्रुवारी

डोळ्यासाठीची आणली.

१० फेब्रुवारी

पुठ्ठ्याचं कडं करून त्यावर फिल्म चिकटवली. स्टुडिओतला पडदा ताणायची सवय, तशीच ही पण ताणून बसवली. एक सुरकुती नाही! दादाने कडं हातात घेऊन कानाशी हलकेच हलवलं. "ढोल करून ठेवलास. सैल सोड." ताणली की सूर्य फाकतो म्हणे, सुरकुत्या असलेल्याच बऱ्या. माझ्या तोंडावर आहेत तेवढ्या पुरतील का, विचारलं. हसला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

पुन्हा बसवली. दिव्यासमोर धरून एखादं भोक आहे का तेही पाहिलं. नाही.

११ फेब्रुवारी

ढग.

१३ फेब्रुवारी

ढगच. दादा खिडकीशी बसून विचारतो, ऊन आलं का गं?

१५ फेब्रुवारी

आलं! तासाभरासाठी का होईना. गच्चीवर दुर्बीण नेली, पुढच्या तोंडावर कडं बसवलं. नेम धरायला वर छोटी दुर्बीण असते, तिला फिल्टर नाही म्हणून आठवणीने टोपण घातलं. नळीची सावली लहानात लहान होईपर्यंत फिरवत राहिले, तेव्हाच ती बरोबर सूर्याकडे असते — दादाचीच शिकवण. मी डोळा लावला नाही. पहिला मान त्याचा.

वहिनीने त्याला धरून आणलं. बराच वेळ तो वाकून होता, पाठ दुखत असणार. मग म्हणाला, "आहेत गं. मधोमध एक मोठा, आणि कडेला दोन पिल्लं."

वहिनी तिथेच पदराने डोळे पुसायला लागली. मी पण. एवढ्यात पश्चिमेकडून ढग यायला लागले. मी घाईघाईत कॅमेरा जोडला, मिळतील तेवढे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नव्हतं. आणि मग झाकोळलंच.

दिवसभर वहिनीने त्याच्याकडून तेच तेच वदवून घेतलं. मोठा केवढा? पिल्लं कुठल्या बाजूला? तो न कंटाळता सांगत होता. माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "दिसलं बरं का मला." मी त्याचा हात धरून बसले. किती दिवसांनी घर हसलं.

१६ फेब्रुवारी

स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडले. सूर्याची कड अगदी रेखीव आली आहे. आणि आत काहीच नाही. एकूण एक फोटो मोठा करून पाहिला. एकही डाग नाही. वेधशाळेचा कालचा फोटो नेटवर शोधला, तोही कोरा.

आता दादाचा फोन आला होता. कसे आलेत फोटो?

म्हटलं, तू सांगितलंस तसेच.