मुठीत मुरलेलं तेल

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी कंबर अजून कुरकुरतेय म्हणे. सुतार असून स्वतःचा कणा तेवढा सरळ करता येत नाही होय रे? इकडे सगळं ठीक. तुझी लेक ठकी माझ्या हाताखाली कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात छान रुळली आहे. कामाच्या घाईमुळे या वेळी तिचं पत्र नाही.

एक विचारायचं होतं. आमची मोठी सुरी तळणीच्या कढईशेजारीच पडलेली असते. लाकडी मुठीवर तेलाचे काळे डाग बसलेत, हाताला बुळबुळीत लागते. ते कसे काढायचे? उलट टपाली कळव, सोमवारी तपासणी आहे.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझी ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंचवीस वर्षं स्वयंपाकघरात काढलीस आणि मूठ धुवायला सुतार लागतो! असो. आधी पात्याला जाड फडकं गुंडाळ. मूठ पाण्यात बुडवू नकोस, लाकूड फुगेल. साबणाच्या ओल्या फडक्यानं पूस. मग खायच्या सोड्याचा घट्ट लेप दे, वाळला की ब्रशनं झाड. असं दोन-तीनदा कर. राहिलेल्या डागांवर बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेघांच्या दिशेनं फिरव. सावलीत वाळव.

ठकीनं दोन ओळी तरी खरडायच्या होत्या. तळाशी तिचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर दिसलं नाही, तर तिची आई पत्र उलटंपालटं करून बघत बसली. रागावली आहे का आमच्यावर?

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. हे पत्र तू एकट्यानं वाच.

ठकीला लिहिता येत नाही. एकतीस जानेवारीला ती भोपळा फोडत होती. मूठ हातात फिरली आणि हात घसरून पात्यावर गेला. उजव्या हाताची दोन बोटं शिवली, पण शिरा तुटल्यात. डॉक्टर म्हणाले, ती बोटं आता वाकायची नाहीत. तुम्हाला कळवू नको, आई हाय खाईल, असं तीच म्हणाली. मलाही ते सोयीचं पडलं.

नव्या सुऱ्या मी तीनदा मागितल्या होत्या. अपघातानंतर मॅनेजरनं मला खोलीत बोलावून सांगितलं, की मूठ स्वच्छ दिसली तर दोष पोरीच्या धांदरटपणाचा. नाहीतर स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात, तेव्हा नोकरी सगळ्यांत आधी तुमची जाईल. मी घाबरले. म्हणून तुला विचारलं. तू सांगितलंस तस्संच सगळं केलं.

तपासणीच्या साहेबांनी सुरी हातात धरून पाहिली आणि म्हणाले, पकड तर उत्तम आहे. ठकी समोरच उभी होती. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. परवा तिला कामावरून काढलं. घरी ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, डाव्या हातानं जेवते.

आज साहेबांना सगळं खरं लिहून पाठवलं. मूठ घासलेली, आता कोण विश्वास ठेवणार? तुझ्या पोरीविरुद्धचं काम मी तुझ्याकडूनच शिकून केलं रे. माया ठेव असं लिहायला हात धजत नाही.
ताई

२३ फेब्रुवारी

ताईस,

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. मग घरी जाऊन तिच्या आईला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि ठकीचे कपडे ठेवायला पिशवी काढली.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं पोचतो. तुझ्याकडे उतरणार नाही. ठकीला तयार ठेव आणि सुरी जपून ठेव. मॅनेजरच्या हाती पडू देऊ नकोस.

साबण, सोडा, पॉलिश पेपर यांनी वरचं तेल जातं. वर्षानुवर्षं मुरलेलं आत खोलवर असतं. साहेबांसमोर मी छिन्नी लावून मूठ उभी फोडणार आहे. आतलं काळं लाकूड त्यांना बोटानं चाचपू दे. तेव्हा तू शेजारी उभी राहून पत्रात लिहिलंस ते तोंडानं सांगायचंस. ठकीसमोर सांगायचंस.

माया आहे की आटली, ते मला आज सांगता येत नाही. गुरुवारी साहेबांकडे ये, एवढंच.
तुझा भाऊ