हाताने बदल करू नये

सोमवार, ७ जुलै. सकाळ.
हा आठवडा माझा. पुढच्या सोमवारी भनपुरीच्या लोखंड कारखान्यात आमच्या सॉफ्टवेअरची परीक्षा. भरलेला ट्रक वजनाच्या काट्यावर चढला की स्क्रीनवर वजन दिसले पाहिजे, पावती निघाली पाहिजे. प्रोजेक्टचा लीड मी. मालक पराग भैया, वयाने माझ्याहून लहान, म्हणाला, "यज्ञेश्वरजी, काटा नाही चालला तर लीड श्रावणीकडे देईन. मग मले बोलू नका." श्रावणी माझ्या हाताखालची. मी फक्त हसलो. भरलेली सभागृहे हलवणाऱ्याला एक काटा हलवता येणार नाही?

संध्याकाळ.
पावती निघत नव्हती. प्रोजेक्ट फाइल उघडून पावतीची ओळ हाताने घातली. निघाली. विषय संपला.

मंगळवार, ८ जुलै.
विषय संपलेला नाही. माझी ओळ गायब. श्रावणी म्हणाली, "सर, वो फाइल टूल खुद बनाता है, हर बार नई. बदलना है तो मूल फाइल में बदलिए, टूल उसी को पढ़ता है."
मूळ फाइल श्रावणीची. म्हणजे मी तिच्या टेबलापाशी जाऊन विनंती करायची. प्रश्न अहंकाराचा नाही, तत्त्वाचा आहे. ओळ पुन्हा हाताने घातली. चहा पिऊन आलो, टूल चालवले, ओळ गेली. पुन्हा घातली. पुन्हा गेली.
फाइलच्या माथ्यावर इंग्रजीत सूचना: ही फाइल टूलने तयार केली आहे, हाताने बदल करू नये. करू नये? ज्या हातांनी कालवे खोदले, छापखाने चालवले, सत्ता उलथवल्या, त्या हातांना हे सांगणार कोण? ती सूचनाच पुसली.
टूल चालवताच सूचना परत आली.

बुधवार, ९ जुलै.
लंचमध्ये बोललो. विषय: यंत्राची हुकूमशाही. डबे उघडे, माणसे स्तब्ध. श्रावणी मधेच हात वर करून म्हणत होती, "सर, मैंने वो..." मी हातानेच थांबवले. भाषण ऐन रंगात असताना प्रश्न घेत नसतात.
त्याच आवेशात जागेवर आलो. ओळ हाताने घातली आणि माझ्या लॅपटॉपवर फाइल लॉक केली. आता ती फक्त वाचता येईल, तिच्यात लिहिता येणार नाही. टूल चालवले. स्क्रीनवर लाल ओळ आली: फाइलमध्ये लिहिता येत नाही. वाचून अंगावर काटा आला. हुकूमशहा असाच ओरडतो.

गुरुवार, १० जुलै.
पावती निघते आहे. शंभरदा काढा, निघते. तरी चैन नाही. घरात येरझाऱ्या. प्रमोदिनी म्हणाली, "काहून फिरून राहिले? फाइल आहे का सवत?" बायकोला तत्त्व समजावले. ती म्हणाली, "हव, समजलं. आता सदर बाजारातून शेवया आणा."
गर्दीत स्कूटरवरच सोमवारचे भाषण रचले. शेवया विसरलो.

शनिवार, १२ जुलै.
भनपुरीवाल्यांनी ऐनवेळी काट्याचे मशीन बदलले. श्रावणी म्हणाली, "नया मशीन मूल फाइल में डाल दिया है. सर, आप बस एक बार टूल चला लीजिए." मोठ्या मनाने चालवले. लाल ओळ आली. टूलचा स्वभावच रडका.
संकल्प: उद्या पूर्ण विश्रांती.

सोमवार, १४ जुलै. भनपुरी.
धर्मपाल नावाच्या ड्रायव्हरचा ट्रक, सळ्यांनी गच्च भरलेला, काट्यावर चढला. स्क्रीनवर शून्य. पुन्हा चढवला. शून्य. पावती मात्र निघाली, स्वच्छ, सुबक. वजन: शून्य. पावतीबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही, याची नोंद करतो.
धर्मपाल पावती हातात घेऊन म्हणाला, "भैया, पर्ची तो बढ़िया है. मेरा सरिया कौन ले गया?" सगळे हसले. पराग भैया हसला नाही.
श्रावणी माझ्या लॅपटॉपवर वाकली. "सर, फाइल लॉक किसने की?" मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने लॉक काढले, टूल चालवले, ट्रक पुन्हा चढवला. वजन आले. पावतीही आली, माझी ओळ पुसली गेली असूनही. हे कसे, ते विचारले नाही.

मंगळवार, १५ जुलै.
लीड श्रावणी. पराग भैया म्हणाला, "तुम्ही बोलता छान. उद्घाटनाला बोला. फाइलींना हात लावू नका." मला प्रोजेक्ट आता फक्त वाचता येतो. हरकत नाही. मी वाचनातच वाढलेला माणूस.
म्हणून मूळ फाइल उघडली. पहिल्यांदाच. पावतीची ओळ तिथे होती. तारीख बुधवारची, लंचच्या आधीची. शेजारी श्रावणीची टीप: यज्ञेश्वर सर के कहने पर जोड़ा.
मी तर तिला सांगितलेच नव्हते. उठून फिरलो. मग परत बसलो आणि टिपेखाली एकच शब्द लिहायला घेतला: आभार.
लाल ओळ आली. फाइलमध्ये लिहिता येत नाही.