बासष्ट कोठ्या

५ एप्रिल २०२२, मंगळवार

आज एक पेढा खाल्ला. दुकानातली किंमत पंधरा रुपये. खरी किंमत — काळ्या समुद्रावरच्या कुठल्याशा बंदरात जळालेलं धान्याचं गोदाम, तिथेच अडकून पडलेली गव्हाची जहाजं, आणि ती जहाजं ज्या मुलखात जायची होती तिथल्या न जाणो किती घरांची रात्रीची भाकर. एवढं सगळं लागलं, तेव्हा कळमन्याच्या बाजारात गहू चढला. गहू चढला म्हणून मनोहररावांनी पेढे वाटले. पांढरा कडक सदरा, हातात डबा, गाळ्यागाळ्यात स्वतः फिरले.

"घ्या देवराव, तोंड गोड करा! लढाई लांबून राहिली!"

घेतला. नाही कसा म्हणू? याच बाजारात त्यांच्या वडिलांची पोती मी पाठीवर वाहिली. आज माझा गाळा त्यांच्या गाळ्याला लागून आहे, मधे नुसती प्लायवूडची भिंत. पेढा नाकारला तर म्हणतील, शेजाऱ्याचं बरं पाहवत नाही.

पेढा चांगला होता. तेच तर वाईट.

८ एप्रिल

वस्तीतल्या शेवटच्या कोठीत आज गहू पडला. सुटलो! बासष्ट घरं, बासष्ट टिनाच्या कोठ्या, प्रत्येकीत दोन क्विंटल लोकवन — वर्षाची सोय. बासष्टावी आमचीच.

पद्धत जुनी आहे. होळीला बायका येतात, तोंडी भाव ठरवतात. पाडवा झाला की मी गहू पोचवतो. मधल्या दिवसांत बाजार कुठेही जावो, होळीचा भाव तो भाव. यंदा बाजार असा काही उधळला की प्रत्येक पोत्यामागे माझा तोटा वाढत होता. तरी दिला.

महिला मंडळाची अध्यक्ष रोशनी. शिवणकाम करते; जीभ कात्रीहून तेज. म्हणाली, "काकाजी, तोटा करून राहिले तुम्ही. काहून?"

म्हटलं, "काहून म्हणजे? शब्द दिला होता वं."

प्रत्येक कोठीतली एक पायली दीक्षाभूमीची असते. छप्पन साली माझा बाप दीक्षा घ्यायला पायी आला होता, उपाशी. कोण्या अनोळखी बाईनं त्याच्या हातावर दोन पुऱ्या ठेवल्या. नाव विचारायचं राहून गेलं म्हणून तो मरेपर्यंत हळहळला. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमची वस्ती बाहेरगावच्या माणसांना पुरी-भाजी वाढते. गहू या कोठ्यांमधला.

निघताना प्रत्येक कोठी बोटाच्या पेरानं वाजवली. माझा कान! भरलेली कोठी बोलत नाही — नुसतं ठप. अर्धी घुमते. रिकामी बोंब मारते. आज बासष्टच्या बासष्ट ठप!

जीभही कानासारखीच. पोळीचा एक घास पुरे — लोकवन की शरबती, नवा की जुना, डोळे मिटून सांगतो. तिकडे जळो काय जळायचं ते. तोफवाला असो की पेढेवाला, माझ्या वस्तीतल्या एका दाण्याला हात लावून दाखवावा!

१५ एप्रिल

काल जयंतीच्या मिरवणुकीत नाचलो. आज गुडघा नाचतो आहे.

२२ एप्रिल

मनोहररावांनी चहाला बोलावलं. एसी लावला आहे. भिंतीवर जगाचा नकाशा! समोर पुतण्या, ऋषिकेश. चष्मा, दाढी कोरलेली, पुण्याहून एमबीए करून आलेला. मनोहररावांनी त्याला निर्यातीच्या कामाला लावलं आहे. ट्रक भरायचे, कांडला बंदराला पाठवायचे.

"काका, हा नुसता धंदा नाही," तो मला म्हणाला. "माणुसकीचं काम आहे. तिकडचा गहू बंद पडला. आता जगाले आपण पोसून राहिलो! सोमालियातले लेकरं उपाशी आहेत."

"कुठे आहे गा सोमालिया? दाखव न."

बोट बराच वेळ फिरलं. शेवटी समुद्रात पडलं.

"बरं, तू त्याईलेच पाठवून राहिला काय गहू?"

"तसं नाही... जो जास्त देईल त्याले."

"सोमालिया जास्त देते?"

मनोहररावांनी घाईघाईनं बिस्किटं मागवली.

मग मुद्द्यावर आले. माझ्याकडचा लोकवन त्यांना हवा. भाव मी मागेन तो. म्हटलं, होता तो कोठ्यांत गेला. आणि मग — चहा चांगला होता, गार हवा होती — सगळंच सांगितलं. बासष्ट घरं कशी, घरटी दोन क्विंटल कसा, दाणा किती सुका, रोशनीचं मंडळ, होळीचा भाव. अगदी रंगवून! या एसीवाल्यांनाही कळू दे शब्द म्हणजे काय असतो ते.

ऋषिकेशनं फोनवर बोट फिरवलं. "म्हणजे एक ट्रक झाला काका!"

सगळे हसले. मीही हसलो.

४ मे

ऊन असं की गाळ्याचं शटर धरवत नाही. दुपारी जेवायला घरी येताना वस्तीच्या नाक्यावर ऋषिकेश दिसला. रसवंतीवर उभा. बाजूला रिकामा टेम्पो.

"काहून गा, इकडे कुठे?"

"मित्राकडे आलो होतो काका." लाजलाच!

बायकोला, कांताला सांगितलं — पोराचं आपल्या वस्तीत कुठे तरी जमून राहिलं आहे. मनोहररावांची झोप उडणार! मी जेवताना एकटाच हसत होतो. कांता कैऱ्या चिरत राहिली. हल्ली तिला माझे विनोद कळत नाहीत.

१४ मे

सरकारनं काल रात्री गव्हाची निर्यात बंद केली! परवापर्यंत टीव्हीवर जो माणूस जगाचं पोट भरायला निघाला होता तोच आज सकाळी, तोच टाय लावून, आधी आपलं पोट पाहा म्हणून समजावून सांगत होता. मार्चच्या उन्हानं उत्तरेकडचा दाणा बारीक पडला म्हणे. मार्चमधलं ऊन यांना मेमध्ये लागलं.

मनोहररावांचे ट्रक कांडल्याला बंदराबाहेर रांगेत उभे. आत घेत नाहीत, परत आणायचं तर भाडं डोक्यावर.

प्लायवूडवरून डोकावून विचारलं, "मनोहरराव, आज काय वाटून राहिले?"

"देवराव, वेळ पाहत जा गा थोडी."

मनातल्या मनात एक पेढा खाल्ला.

१६ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात खीरदान. घरी साधी वांग्याची भाजी आणि पोळी. काय ती पोळी! मऊ, पापुद्रा सुटलेला. म्हटलं, "कांता, याले म्हणतात आपला लोकवन! आंधळ्यालेही कळन एका घासात."

कांता म्हणाली, "आणखी एक घ्या."

दोन घेतल्या.

३ जून

आमच्या गल्लीत तिघी-चौघी हल्ली मला पाहिलं की पदर सावरून आत जातात. माझा वट वाढला आहे.

२० जून

प्लायवूडच्या भिंतीचा हा एक फायदा. मनोहरराव फोनवर:

"भिजला म्हणजे वरचा थर... नाही हो, सडला नाही, जरासा वास आहे... अरे, ताडपत्री फाटली त्याले मी काय करू? ... बरं, कन्हानकडचा तो खाद्यवाला काय भाव देते ते विचार."

मी पंखा बंद केला. नीट ऐकू यावं म्हणून.

२४ जुलै, रविवार

परवा तिकडे करार झाला. धान्याची जहाजं सुखरूप जाऊ द्यायची. सह्या, फोटो, हात मिळवणं. काल त्याच बंदरावर क्षेपणास्त्रं! एक दिवस. कळमन्यातला सर्वांत लबाड दलालही शब्द मोडायला आठवडा तरी घेतो, निदान लोकलाजेस्तव. आणि कारण काय देतात? धान्यावर मारलंच नाही म्हणे, बाजूच्या कशावर तरी मारलं. बाजूला! भरल्या गोदामाशेजारी आगपेटी ओढायची आणि म्हणायचं, मी तर बिडी पेटवत होतो.

रात्री बातम्यांत सोमालियातली एक बाई दाखवली. मांडीवर पोर. पोर रडत नव्हतं. कांता उठून स्वयंपाकघरात गेली. मी बंद केला टीव्ही.

आणि इथली बातमी — मनोहररावांचा गहू परत आला आणि गेलासुद्धा. कन्हानकडे, कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात. माणुसकीचा गहू! सोमालियाला निघाला होता, कन्हानच्या कोंबड्यांनी टिपला. कोंबड्यांचा दोष नाही. त्यांना नकाशा कोणी दाखवला नव्हता.

ऋषिकेश पुण्याला परत गेला. नकाशा आहे अजून भिंतीवर. त्यावर कॅलेंडर लावलं आहे.

चौकात विचारतात, देवराव, तुम्ही कसे वाचले? म्हणतो, मी वाचलो नाही गा, मी त्या गावाला गेलोच नाही. माझा गहू बासष्ट कोठ्यांत बसला आहे. भाव आभाळाला लागो!

२ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं. लिहितो.

आज पायल्या गोळा करायचा दिवस. गहू दळायला द्यायचा, परवा रात्री पुऱ्यांचं पीठ मळायचं. हातगाडी घेऊन सकाळीच निघालो. पहिलं घर रोशनीचं. तिनं चहा ठेवला. मी सवयीनं कोठी वाजवली.

बोंब.

पुन्हा वाजवली. खाली, बुडाशी. बोंबच.

"रोशनी, गहू कुठे गेला वं?"

गॅस बंद केला तिनं. "विकला, काकाजी. मे महिन्यात. तो चष्मेवाला आला होता न टेम्पो घेऊन. म्हणे, देवरावकाकांनी पाठवलं."

"मी?"

"तुमचंच नाव घेतलं त्यानं. कोणाच्या घरी किती आहे, दाणा कसा, भाव काय दिला — सगळं माहीत होतं त्याले. मंडळाचं नावही. आम्हाले वाटलं, तुम्ही सांगितल्याशिवाय कसं माहीत असन?"

मी सांगितल्याशिवाय कसं माहीत असणार!

"तुमच्या भावावर क्विंटलमागं सहाशे जास्त देऊन राहिला होता. म्हणे, पंधरा दिवसांत लढाई संपते, पावसाळ्यात स्वस्तात पुन्हा भरून घ्या. पोरीच्या नर्सिंगची फी होती, काकाजी. दिला."

"मग भरला काहून नाही पुन्हा?"

"भाव उतरला काय?"

मी कोठीचं झाकण उघडून आत पाहिलं. ती म्हणाली, "आता किलो-किलोनं आणतो. सकाळी पोळ्या, रात्री भात. पोरीले दोन जास्त देते डब्यात, मी भातावर भागवते."

"मले एका शब्दानं सांगितलं काहून नाही वं?"

"तुम्ही चौकाचौकात बासष्ट कोठ्या, बासष्ट कोठ्या करत फिरून राहिले होते. कोण सांगन तुम्हाले?"

गल्लीभर फिरलो. एकेक कोठी वाजवत. काही घुमल्या. बाकी सगळ्या बोंबलल्या. बाया दारात उभ्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या. कोणाचा नवरा दवाखान्यात होता, कोणाचं छत गळत होतं, कोणाला नुसता भाव आवडला होता. कोणाला बोलू? म्हातारी मीराबाई म्हणाली, "रागावू नको देवराव, तुझ्याच माणसाले दिला आम्ही." माझा माणूस!

जेमतेम नऊ पायल्या निघाल्या. त्यातल्या दोन मी परत ठेवल्या, त्या घरांत पुढच्या आठवड्याचं पीठ नव्हतं.

गाडी घेऊन घरी येताना डोक्यात एकच. कन्हानच्या कोंबड्यांनी टिपला तो गहू कोणाचा होता? कांडल्याच्या पावसात वास कोणाच्या लोकवनला सुटला? आणि भिंतीला कान लावून, पंखा बंद करून, मी हसत होतो.

५ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन

दीक्षाभूमीच्या रस्त्यावर यंदा आम्ही मसालेभात वाढला. तांदूळ मनोहररावांचा — चार पोती आपणहून पाठवली, सोबत बॅनर. 'भुकेलेल्यांच्या सेवेत', खाली स्वतःचा फोटो. बॅनर उलटं करून चुलीला आडोसा केला. तांदूळ घेतला. पेढाही घेतलाच होता.

रांगेत एक म्हातारबाबा, काटोलकडचे. पांढरे कपडे, पायात चप्पल नाही. द्रोण हातात घेऊन म्हणाले, "इथं पुऱ्या राहत होत्या न गा?"

"यंदा नाही बाबा. लढाई सुरू आहे."

बाबा विचारात पडले. "आपली? कोणासंगं?"

आणखी एक डाव भात वाढला.

६ ऑक्टोबर

सकाळी, का कोणास ठाऊक, आपली कोठी वाजवली. कांता दारात उभी होती. म्हणाली, "भाव चांगला होता."

मे महिन्यापासून घरात पाकिटातला आटा आहे. सीताबर्डीहून आणते.