शेऱ्याची कार्डं

३ फेब्रुवारी १९७५, सोमवार

आलो एकदाचा भाईंदरला! केबिन रोडच्या मागे खोली मिळालीय. लहान आहे, पण नळ स्वतःचा, आणि खिडकीतून थेट मिठागरं दिसतात. मिठाचे ढीग उन्हात असे चमकतात की डोळे दिपतात. शेजारीण गुजराती आहे. ती हिंदीत विचारते, मी मराठीत सांगतो, दोघांचं मजेत भागतं.

कंपनी पूर्वेलाच आहे, गाळ्यांच्या रांगेत अगदी शेवटी. मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, जुनं आहे, कुठल्याशा संस्थेनं काढून टाकलेलं, पण काय थाट! सगळ्या गाळ्यात थंड हवा फक्त त्याच्याच खोलीत. मालक जयकुमार शेठ. त्यांनी पेढा हातावर ठेवला आणि सांगितलं की महिनाअखेर नवा कंपायलर पास करून द्या, नोकरी पक्की. मशीन चालवतो धर्माजी, जुन्या भाईंदरचा कोळी, खाऱ्या पाण्यात वाढलेला माणूस. कार्डांना भोकं पाडतात इंदुबाई, रत्नागिरीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या अक्षराला नावं ठेवली.

बायको, सुगंधा, बाळंतपणाला माहेरी रेवदंड्याला. महिनाअखेर सुटेल म्हणतात. पहिलंच. पोर झालं की दोघांना इथंच आणणार. आज तिला चार पानी पत्र टाकलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम झकास आहे. आपण कार्डांवर लिहितो ते मशीनला कळत नाही. कंपायलर ते मशीनच्या भाषेत उतरवून देतो. दुभाष्याच म्हणा ना. हा आमचा दुभाष्या नवा, तिसरी आवृत्ती, आणि तो कुठे चुकतो हे हुडकणं हे माझं काम. मी मुद्दाम वेडीवाकडी कार्डं घालतो. बेटा अजून एकदाही चुकलेला नाही.

लिहिला बाबाजी नावाच्या माणसानं. तो डिसेंबरात वारला. धर्माजी एवढंच म्हणाला की मानूस लय हुशार व्हता, पन त्याचं कोन आयकत न्हवतं.

आणि माझी जुनी खोड इथेही सुरू झाली. कार्डाच्या पहिल्या घरात ‘सी’ पाडला की ते शेऱ्याचं कार्ड. माणसाच्या सोयीसाठी असतं ते, कंपायलर वगळून पुढे जातो. तिथे काहीही लिहावं. मी शिव्याशाप लिहितो, इंग्रजी अक्षरांत, अस्सल मराठी. तोंडावर बोलायची सोय नाही, मग पोटातलं ओकायचं कुठे? इंदुबाई पाडता पाडता पदर तोंडाला लावून हसतात. आज धर्माजीनं माझ्या गठ्ठ्यावर चहा सांडला, चाळीस कार्डं फुगून पापड झाली. मी शेरा टाकला की चहा सांडणाऱ्याचा हात पोळो. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

धर्माजी हात बांधून आलाय. परवा घरी चुलीवरचं आधण उलटलं. मला उगाच लाजल्यासारखं झालं.

शेठ आज तासभर बोलले. मी म्हटलं की छापून येणाऱ्या कागदाच्या कडेला मधूनमधून एक जादा आकडा उमटतो, तो कशाचा ते शोधायला हवं. ते म्हणाले, उत्तर बरोबर हाय ने? तो पास करो ने, भाई. माझं वाक्य काही पुरं होऊ देईनात. या माणसाची वाचा बसो, असा शेरा लगेच पाडून घेतला आणि गठ्ठा लावला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेठची वाचा बसलीय. घसा साफ आहे म्हणतात डॉक्टर, पण आवाज म्हणून नाही. चिठ्ठ्या लिहून काम चाललंय. गाळ्यात इतकी शांतता कधी नव्हती म्हणे. मी हसलो. नंतर नाही हसलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अब्रूचं पार खोबरं झालं! मुंबईहून गिऱ्हाईक आलं होतं, चार सुटाबुटातली माणसं. त्यांच्यासमोर माझा गठ्ठा लावला आणि मशीन थांबेचना. गठ्ठ्याचं शेवटचं कार्ड गायब! ते असलं तरच मशीनला कळतं की इथे संपलं. नसलं की ते पुढच्या कामाची कार्डं गिळत सुटतं. दोन कामांची खिचडी, तीन तास कागदाचा पाऊस. पाहुणे चहा न घेता गेले. शेठनं चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, नालायक.

मी मोजून दिलेला गठ्ठा! इंदुबाई म्हणतात त्यांनी दिलं होतं. धर्माजी म्हणतो त्यानं काढलं न्हाय. कोणीतरी खोटं बोलतंय. डोकं भणभणत होतं. शेरा माझा मीच पाडला: ज्याच्या हातून ही चूक झाली त्याला पोटच्या पोराचं तोंड दिसू नये. गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला आणि पुन्हा लावला. या वेळी सगळं सुरळीत चाललं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कागद समोर पसरून बसलो होतो. तो जादा आकडा शेऱ्यांपुढेच येतो. सगळ्या शेऱ्यांपुढे नाही. चहाच्या शेऱ्यापुढे आहे. वाचेच्या शेऱ्यापुढे आहे. कालच्यापुढे आहे.

ज्या ओळी वगळायच्या त्या हा वगळत नाही. त्यांची कामं करून टाकतो.

छे! काहीतरीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा घेणं माझा धंदा आहे, तेव्हा घेतली. दोन शेरे टाकले. एक, धर्माजीचा हात आज बरा होवो. दुसरा, माझ्या उजव्या गुडघ्याला आज मार बसो. पहिल्यापुढे आकडा नाही. दुसऱ्यापुढे आला.

अकरा वाजता लोखंडी कपाट सरकलं आणि थेट उजव्या गुडघ्यावर. लंगडतोय. धर्माजीचा हात तसाच चिघळलाय.

संध्याकाळी न राहवून दोघांना मुलाबाळांचं विचारलं. धर्माजीला तीन मुलगे, खाडीवर जातात. इंदुबाईंना एकच मुलगी, आठ वर्षांची. सगळी ठीक आहेत ना, असं तीनदा विचारलं. इंदुबाई माझ्याकडे विचित्र बघायला लागल्या. माझ्या रागापायी त्यांची पोर? देवा, माझी जीभ का नाही झडली?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबाजीचं कपाट उघडलं. शेठला दिलेले अर्ज होते, अकरा, तसेच परत आलेले. छातीत दुखतंय, रजा द्या, डॉक्टरकडे जायचंय. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं, आज मीच फोडली. धर्माजी म्हणाला की बाबाजी हितंच, मशीनम्होरं पडला.

कंपायलरच्या मूळ गठ्ठ्यात त्याचंही एक शेऱ्याचं कार्ड सापडलं. लिहिलंय: गोड सगळे वाचतात. कडू कोणी वाचत नाही. तू कडू तेवढं वाच.

त्याखालची सोळा कार्डं मी काढली. आता नवं काही लागू होणार नाही. पण जे लागू झालं ते झालं. शेठला सगळं लिहून दिलं. त्यांनी पाकीट खिशात घातलं, फोडलं नाही, आणि चिठ्ठी दिली: कंपायलर पास केल्याची सही कधी करता?

१९ फेब्रुवारी, बुधवार

आत्ता ही वही उघडली. चौदा तारखेच्या आधीच्या पानात कार्ड. खुणेला ठेवलेलं.

ते शेवटचं कार्ड आहे. माझ्याच गठ्ठ्यातलं. बारा तारखेला गठ्ठा घरी आणला होता तपासायला, आणि लिहिता लिहिता खुणेला म्हणून मीच —

चूक माझ्या हातून झाली.

पोटच्या पोराचं. माझ्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कामावर नाही गेलो. सुगंधाचं पत्र आलंय. पोर लाथा मारतं, बापासारखं तापट आहे, असं लिहिते. मी पत्र छातीशी धरून ढसाढसा रडलो.

रेवदंड्याला जावं तर जायची हिंमत नाही. मी बघायला गेलो आणि मला दिसू नये म्हणून त्यालाच — नाही. इथेच थांबायचं. जितकं लांब तितकं बरं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबाजीची सोळा कार्डं परत घातली. दुसरा मार्ग नाही. शेरा टाकला: चौदा तारखेच्या त्या कार्डाला आग लागो. आकडा आला. खणात ते कार्ड जळालं, शेजारच्याला धगही नाही. राख उरली.

कार्ड जळालं, काम नाही जळालं. कागदावर आकडा तसाच आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जेवण नाही, झोप नाही. दिवसभर ते एकच वाक्य. पोराचं तोंड दिसू नये. दिसू नये.

पोर मेलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? मला दिसायला नको, बस. मग पोर जगलं आणि मला दिसलं नाही, तरी मशीनचं काम पुरं होतं. हिशेब सरळ आहे. इतके दिवस सुचलं कसं नाही?

सुगंधाचा चेहरा आठवून ठेवतोय. कपाळावरचा व्रण. हसताना डावा गाल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भोंगा झाला तेव्हा लावलं. दुपारचे बारा. माझे डोळे जावोत. एवढंच.

प्रिंटर वाजत होता. आकडा आलेला बघितला. मग कागद पांढरा होत गेला — मिठासारखा — मग तोही नाही.

धर्माजीनं खोलीवर आणून सोडलं. आईशप्पथ, रडत होता तो, मी नाही. पहिल्यांदाच आठवड्यात पोटभर जेवलो. लिहितोय, बोटानं ओळ धरून. अक्षरावर अक्षर चढत असेल, चढू दे. वाचलं पोर. वाचलं!

२६ फेब्रुवारी, बुधवार

तार आलीय. तारवाल्यानं खालून हाक मारली, भिंत धरून उतरलो, घेतली. कागद हातात — काही दिसत नाही. शेजारणीला इंग्रजी येत नाही. इंदुबाईंना निरोप धाडला.

वाट बघतोय. नाव काय ठेवावं —

आल्या इंदुबाई. उघडतायत.

मुलगा! मुलगा झाला म्हणतायत! सुगंधा सुखरूप. वही सोडत नाही, सगळं लिहून ठेवणार, मोठा झाला की तोच वाचेल मला —

कधी झाला विचारलं. काल. सकाळी सात वाजता.

सात.

मी कार्ड बाराला लावलं. सात ते बारा माझे डोळे — शाबूत होते — त्या पाच तासांत मला दिसू नये म्हणून त्यालाच —

पुढे वाचा म्हणालो. पुढे आहे ना काहीतरी, चिकटवलेल्या पट्ट्यांच्या ओळी बोटांना बऱ्याच लागल्या होत्या. त्यांच्या बांगड्या वाजतायत. कागदाची घडी घालतायत.

इंदुबाई, घडी का घाल—