घर नंबर २-४१ पुढील दोन रेघा

प्रति,
मा. मंडल महसूल अधिकारी साहेब,
मंडल महसूल कार्यालय, सावरगुडा,
जि. आदिलाबाद.

विषय : घरजागेच्या यादीतील चूक माझ्या हातून झाली असून तिचा दोष कुसुमबाई नगराळे यांना न लावण्याबाबत.
संदर्भ : कुसुमबाईंना दिलेली नोटीस, दि. ११ जून १९९८.

महोदय,

मी मोतीराम चंपत बोरकुटे, वय ६१, आपल्या कार्यालयात मस्कुरी आहे. झाडलोट करतो, कागद नेतो-आणतो. मला तेलुगू लिहिता येत नाही म्हणून मराठीत लिहितो. हेडक्लार्क केशवराव वाचून दाखवतील.

१. माझी धाकटी मुलगी चंद्रभागा मुधोळला दिली त्या वर्षी, म्हणजे सन १९९१ साली, गावात मोठ्या माणसांचा अक्षरवर्ग सुरू झाला. मी व माझी पत्नी दोघेही जात होतो. हजेरीला चार माणसांत तोंड उघडायची तिला लाज वाटे, म्हणून तिचे नाव पुकारले की "हाजिर" मी म्हणत असे. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचे नाव घेत नाहीत. तिचे नाव मी तोंडाने कधी घेतले नाही, पाटीवर मात्र लिहिले. इंग्रजी मोठी अक्षरे मी पुढे बसच्या पाट्यांवरून शिकलो.

२. कार्यालयात कम्प्युटर आल्यावर तो पुसण्याचे काम माझ्याकडे आले. कुसुमबाई रोजंदारीवर त्यावर काम करतात. घरजागा मिळणाऱ्या बायांची फाइल त्यांनी मला उघडून दाखवली. दोनदा टिचकी मारली, कशात उघडू असे कम्प्युटरने विचारले, बाईंनी नोटपॅड निवडले. मी म्हणालो, यादी वाकडी दिसते, प्रत्येक ओळीचे तोंड सारखेच आहे. त्या म्हणाल्या, "बाबा, हे यादी नोहे. यादी कशी बनवाची, त्याचा हुकूम हाय. कम्प्युटर वरून खाली वाचते अन् तसं करते." मग मला उमगले. आपले पहाणीचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे, रजिस्टर असते तसेच ते आहे. आधी रकाने आखायचे : घर नंबर, नाव, नवऱ्याचे नाव, वय. मग एकेका ओळीने कंसात एकेक बाई बसवायची.

३. काही ओळींच्या पुढे दोन आडव्या रेघा होत्या. त्याचा अर्थ बाईंनी सांगितला, की ती ओळ फाइलीत राहते, पण कम्प्युटर ती वाचत नाही. जुन्या रजिस्टरात अशा नावावर आपण लाल रेघ ओढून एक शब्द लिहितो, तो मला ठाऊक होता. बाईंना मी विचारले नाही.

४. दि. २ जून रोजी दुपारी कुसुमबाई जेवायला गेल्या असता मी आपणहून ती फाइल उघडली. घर नंबर २-४१ शोधला. तो माझा आहे. तिचे नाव होते, माझे नाव होते, पुढे दोन रेघा होत्या. एवढे नीट छापलेले नाव, आणि ते कोणी वाचायचे नाही, हे मला सोसवले नाही. मी त्या दोन रेघा पुसल्या. बाई करतात तशी फाइल जपून ठेवली व फडक्याने टेबल पुसले. त्याने काय होईल हे मला कळत होते. कळत नव्हते असे मी म्हणणार नाही.

५. दि. ९ जूनच्या गावसभेत आपल्यासमोर यादी वाचली गेली. तिचे नाव पुकारले आणि मागून मी "हाजिर" म्हणालो. तोंडातून निघून गेले. सभा हसली. सरपंच भगवंतराव म्हणाले, "मोतीराम, वहिनी कवा आली बे? बसनं का पायी?" आपल्याला खाली पाहावे लागले. तिसऱ्या दिवशी कुसुमबाईंना नोटीस निघाली, की त्यांनी खोटे नाव घातले, पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास कामावरून कमी करू.

६. ती नोटीस मीच नेऊन दिली. त्यांनी सही केली आणि मला पाणी विचारले. मी पाणी प्यालो व काही बोललो नाही. आज अकरा दिवस झाले. या गोष्टीची लाज मला फाइलीपेक्षा जास्त आहे.

७. पहिला अर्ज केशवरावांनी परत केला. "गोल गोल काऊन लिहून राह्यले? कोण, कवा, सरळ लिहा. नाही तं त्या बाईचं काम जाईन." म्हणून हा दुसरा.

तरी कुसुमबाईंवरील नोटीस रद्द करावी, २-४१ ची ओळ होती तशी करावी, आणि शिक्षा द्यायची ती मला द्यावी. मी कम्प्युटरच्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही. झाडू दारातूनच मारीन.

आपल्या कचेरीचा अपराधी,
मोतीराम चंपत बोरकुटे
सावरगुडा, दि. २२ जून १९९८

सोबत : कुसुमबाईंच्या नोटिशीची नक्कल.

सही केल्यावर वाचून पाहिले. केशवरावांनी सांगितलेली ओळ राहिली आहे. ती येथे लिहितो.

कुसुमबाईंनी मारलेल्या दोन रेघा बरोबर होत्या. माझी पत्नी बयनाबाई मोतीराम बोरकुटे, घर नंबर २-४१, ही दि. ९ नोव्हेंबर १९९५, गुरुवार रोजी फौत झाली.